चौथं वाचन

२०२२ साली मी एकोणसत्तर वर्षांचा होतो आणि सर सत्तावन्नचे. आम्ही घरी बसलो असतो तर कुणाची ना नव्हती. पण मी बसलो असतो तर भिंतीकडे बघत बसलो असतो, आणि सर बसले असते तर त्यांनी भिंतीला शिकवायला घेतलं असतं. म्हणून दोघंही रोज कामावर येत होतो. ते प्रोग्रामर, मी शिपाई.

मी चौथी शिकलोय. ज्याला हसायचं असेल त्याने हसून घ्यावं. आमच्या गावात शाळाच चौथीपर्यंत होती, पुढची शाळा खाडीपलीकडे. हे जे लिहितोय ते माझ्या हाताने लिहितोय, कुणाला सांगून लिहून घेतलेलं नाही.

अंधेरी पूर्वेच्या एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये दुसऱ्या मजल्यावर आमचा गाळा. त्याच गाळ्यात मी सव्वीस वर्षं प्लास्टिकच्या मोल्डिंग मशीनवर काढली. बाटल्यांची झाकणं करायचो. औषधाच्या बाटलीची, तेलाच्या बाटलीची, फिनेलच्या बाटलीची. मग शेठने मशीनं विकली, गाळा भाड्याने दिला आणि तिथे कॉम्प्युटरवाले आले. त्यांच्या मालकीण मॅडमना फ्यूज कुठला, मोटर कुठली, पाणी कधी येतं, काही माहीत नव्हतं. त्यांनी मला विचारलं, "मामा, राहाल का?" मी राहिलो. माझं मशीन होतं बरोबर त्या जागी सरांचं टेबल लागलं. लादीवरचा तेलाचा डाग घासून गेला नाही, म्हणून वर कार्पेट टाकलं. सरांना मी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "ही जागा माझी आहे." ते म्हणाले, "असू दे की. मी फक्त बसतो."

सरांकडे चार शर्ट होते. चारही फिक्कट निळे, एका ताग्यातले, एकाच शिंप्याने शिवलेले. पहिल्या महिन्यात मला वाटलं, बिचाऱ्याकडे एकच शर्ट आहे. मी मॅडमना सुचवलंसुद्धा, दिवाळीला सरांना शर्टपीस द्या म्हणून. ते सरांच्या कानावर गेलं. दुसऱ्या दिवशी ते अंगातला एक आणि पिशवीत तीन असे आले, आणि पिशवीतले तीन पँट्रीच्या ओट्यावर ओळीने मांडून म्हणाले, "हे बघा मामा, गरीब नाही मी. सकाळी कपाटासमोर उभं राहून विचार करायला नको एवढंच. डोकं दिवसाला थोडंच चालतं. ते शर्टावर कशाला घालवायचं?"

डब्यात दुधीची भाजी. सोमवार ते शनिवार दुधी. लग्न केलं नव्हतं, स्वतःच करून आणायचे. मी विचारलं, "सर, कंटाळा नाही येत?" तर म्हणाले, "कंटाळा येतोय म्हणजे सगळं नीट चाललंय. बिघडलं की कंटाळा येत नाही, मामा."

फोन बटणांचा. जगातले सगळे लोक ज्या फोनवर बोटं फिरवतात तो या माणसाने घेतला नाही, आणि धंदा मात्र तोच. मॅडम चिडायच्या. सर म्हणायचे, "हलवायाला विचारा तो स्वतःच्या दुकानची मिठाई खातो का."

आणि टायपिंग. बाकीची पोरं एकदा लिहिलेलं उचलून दुसरीकडे चिकटवायची. सर नाही. तेच परत लिहायचं असेल तर पहिल्या अक्षरापासून हाताने लिहायचे. घाटकोपरहून येणारी एक पोरगी होती, आमच्याकडची सगळ्यांत तल्लख. तिला हे बघवायचं नाही. "सर, कॉपी-पेस्ट करा ना. दोन सेकंदाचं काम आहे यार."

"दोन सेकंदांत हात काही शिकत नाही," सर म्हणायचे. "आणि मला यार म्हणू नकोस."

"सॉरी, सर यार."

सर हसायचे नाहीत. पण त्यांचा कान हलायचा. मी बघितलंय.

आता वाचनाचं सांगतो, कारण सरांना ओळखणारा माणूस पहिल्यांदा तेच विचारतो.

सर कामाला लागले त्याच आठवड्यात मी कप गोळा करत होतो, तेव्हा त्यांनी मला थांबवलं. "मामा, पाच मिनिटं बसा." मला वाटलं चहात साखर जास्त झाली. मी स्टूल ओढलं. त्यांनी पडद्याकडे बघून मराठीत वाचायला सुरुवात केली. एकेका ओळीवर बोट ठेवून, लहान मुलाला धडा वाचून दाखवतात तसं. "आधी माणसांची यादी घेतली. यादीतला एकेक माणूस बघितला. ज्याला या वेळी काम नाही तो बाजूला काढला. बाजूला काढलेले तेवढे परत दिले. सांगा, काय कळलं?"

मी म्हणालो, "रिकामटेकडे वेगळे काढलेत."

सरांनी खुर्ची फिरवली आणि सगळ्या ऑफिसला सांगितलं, "ऐकलं? मामांना कळलं. आता उद्या मी बसखाली आलो तरी हे चालेल."

"बसखाली यायला आधी बस यायला पाहिजे," मी म्हणालो. आमच्या स्टॉपवर पाऊण पाऊण तास बस येत नाही.

तेव्हापासून रोज साडेचारला वाचन. कुणीही काही नवीन लिहिलं की ते आधी माझ्यासमोर मराठीत वाचायचं. मी नुसती मान हलवून चालायचं नाही, ऐकलेलं माझ्या शब्दांत उलट सांगायला लागायचं. बरोबर सांगितलं तर सर म्हणायचे, "जाऊ दे आत," की ते प्रोग्राममध्ये जायचं. चुकलो तर लिहिणाऱ्याने परत लिहायचं. चूक माझी धरायचे नाहीत, लिहिणाऱ्याची धरायचे. "हुशारी घरी ठेवून या," हे त्यांचं पोरांना रोजचं सांगणं. "इथे मामांना कळेल असं लिहा."

मी हे का लपवू? मला ते आवडायचं. आयुष्यभर 'तुला नाही कळणार' ऐकलेला माणूस मी. शेठचा मुलगा म्हणायचा, बँकेतला म्हणायचा, माझा जावई अजून म्हणतो. आणि इथे इंजिनियर झालेली पोरं साडेचारला माझ्यासमोर उभी राहून घाम पुसत होती. मी साडेचारच्या आधी तोंड धुऊन यायचो.

आणि नुसता शोभेला बसत नव्हतो. एकदा त्या घाटकोपरच्या पोरीने पेशंटचं नाव भरायचा फॉर्म वाचला. नाव नाही लिहिलं तर पुढे जाऊ द्यायचं नाही, आडनाव नाही लिहिलं तर पुढे जाऊ द्यायचं नाही. मी विचारलं, "ज्याला आडनाव सांगायचंच नसेल तो काय करणार? आजारी पडणार नाही?"

पोरीने फॉर्म परत बघितला. मग म्हणाली, "माझे पप्पाच लावत नाहीत, मामा. आणि मीच असं लिहिलं."

"सवय," सर म्हणाले. "बदल ते. आडनावाची जागा रिकामी चालेल."

तिने तिथल्या तिथे बदललं. मग घरी फोन लावून म्हणाली, "जय भीम पप्पा, आज तुम्हाला इथे एकाने पास केलं." ते कोण, तेवढं मात्र सांगितलं नाही.

आमचं काम होतं डायलिसिस सेंटरांसाठी. ज्यांच्या किडन्या काम करत नाहीत त्यांना आठवड्यातून दोनतीनदा येऊन चार चार तास मशीनला लावून घ्यावं लागतं. कुणी किती वाजता यायचं, कुठल्या मशीनवर, कुठल्या खुर्चीवर, कुठल्या खोलीत, सुई लावायला टेक्निशियन कोण, हे सगळं आमचा प्रोग्राम ठरवायचा. म्हणजे चार याद्या. मशीन, टेक्निशियन, खोली, खुर्ची. आणि चौघांना प्रश्न एकच: बारा वाजता मोकळं कोण?

प्रश्न एकच, पण सरांनी तो चार वेळा लिहिला होता. मशीनसाठी वेगळा, टेक्निशियनसाठी वेगळा, असे चार. हाताने. चार शर्टांसारखे.

पोरीचं म्हणणं, एकदाच लिहा आणि चौघांना वापरा. त्याला जेनेरिक्स म्हणतात. औषधाच्या दुकानातलं जेनेरिक वेगळं, ते मी आधीच विचारून घेतलं होतं. सर कॉम्प्युटरच्या ज्या भाषेत प्रोग्राम लिहायचे तिच्यात ही सोय नव्हतीच. इतकी वर्षं नव्हती, आणि त्या वर्षी ती भाषा बनवणाऱ्यांनी घातली. ज्या दिवशी ही बातमी आली त्या दिवशी सरांनी डबा उघडला नाही.

"ही भाषा मी का घेतली होती?" ते मला सांगत होते. "तिच्यात हे नव्हतं म्हणून. एखाद्या गावात दारूचं दुकान नाही म्हणून तिथे घर घ्यावं, आणि..."

"आणि दुकान आलं तरी प्यायलाच पाहिजे असं कुठाय?" मी म्हणालो.

"आपण नाही पिणार. पोरं पिणार," सर म्हणाले.

मे महिन्यात सेंटरवाल्यांनी सांगितलं की एक पेशंट उठला की लगेच दुसरा बसवता येत नाही. जागा पुसायला, मशीन धुवायला अर्धा तास लागतो. तेवढा अर्धा तास मध्ये सोडा. साधं काम. पण चार जागी करायचं. सरांनी तीन दिवस घेऊन चारही जागी हाताने केलं, आणि चौथ्या दिवशी साडेचारला वाचायला बसले.

त्या दिवशी एसी बंद पडला होता. मी सकाळपासून गच्चीवर मेकॅनिकबरोबर उन्हात होतो. सरांनी मशीनचं वाचलं, मी उलट सांगितलं. टेक्निशियनचं वाचलं, सांगितलं. खोलीचं वाचलं, सांगितलं. शब्द तेच, ओळी त्याच, नुसतं नाव बदलायचं. खुर्चीचं सुरू झालं. "खुर्च्यांची यादी घेतली," इथपर्यंत मला आठवतं.

मग मला झोप लागली. बसल्या बसल्या.

किती वेळ गेला माहीत नाही. दचकून उठलो तर सर पडद्याकडे बघत गप्प बसले होते. वाचून झालं असावं आणि माझ्या उत्तराची वाट बघत असावेत. मी घसा खाकरला आणि धडाधड सांगितलं, "खुर्च्यांची यादी घेतली. एकेकीची वेळ बघितली. उठणाऱ्याच्या वेळेत अर्धा तास मिळवला. त्यानंतर मोकळी असेल ती बाजूला काढली."

सर म्हणाले, "जाऊ दे आत."

मला झोप लागली होती, हे मी कुणालाही सांगितलं नाही.

खुर्चीच्या प्रोग्राममध्ये अर्धा तास नव्हता. सर तिथे लिहायचेच विसरले होते. मी जे धडाधड सांगितलं ते खोलीचं सांगितलं, नुसतं नाव खुर्चीचं घालून.

पंधरा दिवसांनी एका सेंटरवर एक म्हातारी बाई बाराला आली. विरारहून, मुलगा रजा काढून रिक्षाने घेऊन आला होता. मधले अर्धे तास न सोडल्यामुळे पहाटेपासूनचे पेशंट एकामागे एक ढकलले गेले होते, आणि तिच्या खुर्चीवर आधीचा पेशंट अजून सुया लावून होता. दोन तास बाकावर बसली. तोवर तिच्या टेक्निशियनची वेळ संपली आणि तिला उद्या या म्हणून परत पाठवलं. दुसऱ्या दिवशी पाय सुजलेले, दम लागलेला, अशी आली. पहिलं तिलाच घेतलं, ती बरी आहे. तिच्या मुलाने फोनवर मॅडमना जे सुनावलं ते मी पँट्रीत उभा राहून ऐकलं. बाईला काही झालं असतं तर, हे मी तेव्हा पूर्ण मनात आणलं नाही. ते घरी जाऊन आणलं.

चूक कुठे आहे ते त्या पोरीने दहा मिनिटांत काढलं. मॅडमनी सगळ्यांना बोलावलं. मी चहा घेऊन आत गेलो.

"चार जागी एकच गोष्ट लिहिली की तीन जागी दुरुस्त होणार आणि चौथी राहणार," पोरगी म्हणत होती. "सर, हे तुमच्यावर नाहीये. कुणाच्याही हातून राहिलं असतं."

"मग माझ्यावर कसं नाही? माझ्याच हातून राहिलं," सर म्हणाले. "मी चुकलो. पण उपाय काय? एकच सगळ्यांना लावायचं? उद्या मशीनला वेगळा नियम आला की तू त्यात 'जर' घालणार. परवा खोलीचा 'जर'. वर्षाने तुला तरी वाचता येईल का?"

"वेगळा नियम आला तर तेव्हा वेगळं लिहू ना. आज एक आहे तर आज एक."

"आज!" सर म्हणाले. "तुम्हाला सगळं आज."

"आणि तुम्हाला सगळं काल," ती म्हणाली.

मॅडमनी कपाळाला हात लावला. "सर, तिने लिहून ठेवलंय. चाळीस ओळी आहेत. तुमच्या चारशे जातील. मला हे हवंय."

सर उठून उभे राहिले. त्यांचा आवाज कधी चढत नाही, तो चढला. "ठीक आहे. नियम आहे तो आहे. वाचन होऊ दे. मामांना कळलं तर ते आत, आणि मी बाहेर."

"असं काय करता सर? बाहेर कशाला?" मॅडम म्हणाल्या.

"कारण मला जे वाचता येत नाही ते सांभाळायला मी बसणार नाही. पण काळजी करू नका. मामांना नाही कळणार. मामांना कळणार नाही म्हणून तर मी त्यांना त्या स्टुलावर बसवलंय."

मी ट्रे घेऊन उभा होतो. सात कप होते.

सर रागात बोलले. रागात माणूस काहीही बोलतो, हे मला आज कळतं. तेव्हा मला एवढंच कळलं की इतकी वर्षं मी परीक्षक नव्हतो, मी माप होतो. मूर्खपणाचं माप. वाण्याकडे वजन ठेवतात तसं मला ठेवलं होतं. वजनाला कुणी विचारत नाही तुला काय वाटतं.

साडेचारला तोंड धुतलं नाही. तसाच बसलो.

पोरीने वाचलं. चांगलं वाचलं, घाई केली नाही. "मामा, इथे मी मशीन म्हटलं नाही, खुर्ची म्हटलं नाही. 'ट' म्हटलंय. ट म्हणजे जे द्याल ते. ट ची यादी घेतली. एकेक ट बघितला. त्याची वेळ विचारली. अर्धा तास मिळवला. मोकळा तो बाजूला. झालं."

सगळे माझ्याकडे बघत होते. सर खिडकीकडे. त्यांना माझ्याकडे बघायची गरजही वाटली नाही, एवढी खात्री.

'नाही कळलं' म्हणायला दोन शब्द लागले असते. सर राहिले असते. वाचन राहिलं असतं, माझं स्टूल राहिलं असतं. हे सगळं मला दिसत होतं, मी काही आंधळा नव्हतो. आणि कळलं तर होतं. पहिल्याच ओळीला कळलं होतं.

"आमच्याकडे आधी प्रत्येक झाकणाला वेगळा साचा होता," मी म्हणालो. "औषधाच्या बाटलीचा वेगळा, तेलाचा वेगळा. साच्याला चीर गेली की एकेक उतरवून दुरुस्त करायचो. मग शेठने एक मोठा साचा आणला. बाहेरचा सांगाडा तोच, आतली वाटी तेवढी बदलायची. लहान झाकण, लहान वाटी. मोठं झाकण, मोठी वाटी. तुझा ट म्हणजे वाटी. अर्धा तास सांगाड्यात आहे. तो एकदाच."

पोरीने तोंडावर हात ठेवला.

मी थांबायला हवं होतं. नाही थांबलो. "पण कुठलीही वाटी चालत नाही. खाच जुळावी लागते. नाही जुळली तर गरम प्लास्टिक हातावर येतं, माझ्या मनगटावर आहे बघ. तुझ्यात खाच कोण बघतं?"

"भाषाच बघते, मामा," ती हळूच म्हणाली. "ज्याला वेळ विचारता येत नाही असा ट दिला तर ती चालूच होत नाही."

"मग आमच्या शेठपेक्षा बरी आहे."

कुणी हसलं नाही. सर खिडकीपासून आले. पोरीला उठवून तिच्या खुर्चीवर बसले, तिचं चाळीस ओळींचं काम स्वतःच्या हाताने आत घातलं आणि स्वतःचं चारही जागचं काढलं. एकेक करून. मग डबा पिशवीत ठेवला. जाताना माझ्यापाशी थांबले. "खाच जुळण्याचं चांगलं विचारलंत, मामा. मला ते सुचलं नव्हतं." आणि जिना उतरून गेले.

मॅडम म्हणाल्या, येतील दोन दिवसांत. पोरगी पँट्रीत येऊन रडली. "मला ते जायला नको होते, मामा. मला फक्त ते चार नको होते." मी तिला पाणी दिलं. मला काय हवं होतं ते मला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

माफी मागणं मला जमत नाही. बायको असेपर्यंत तिच्याशीही जमलं नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी मी दहिसरहून नेहमीच्या बसने निघालो तो अंधेरीला न जाता बोरिवलीला उतरलो. सरांची बिल्डिंग जुनी, लिफ्ट नाही. चार मजले दोनदा बसत चढलो. सरांनी दार उघडलं. बनियनवर होते. मागे गॅसवर कुकर.

"या," म्हणाले, जसं काही मी रोज येतो.

मी बसलो नाही. उभ्यानेच सांगितलं, "सर, काल मी जे केलं त्याची माफी मागायला आलेलो नाही. मला कळलं होतं, ते मी सांगितलं. दुसरं सांगायला आलोय. मे महिन्यात खुर्चीचं तुम्ही वाचलंत तेव्हा मला झोप लागली होती. मी ऐकलंच नाही. ऐकलं असतं तर अर्धा तास नाही हे मला कळलं असतं. ती बाई माझ्यामुळे बसून राहिली. तुमच्या चार वेळा लिहिण्यामुळे नाही. हे मी काल सगळ्यांसमोर सांगायला हवं होतं."

सरांनी गॅस बारीक केला.

"मी वाचलंच नव्हतं, मामा," ते म्हणाले.

"काय?"

"खुर्च्यांची यादी घेतली, एवढं वाचलं आणि बघितलं तर तुमची मान खाली. उन्हात होतात ना दिवसभर. म्हटलं, झोपू दे बिचाऱ्यांना. अर्धा तास गप्प बसलो. तुम्ही दचकून उठलात आणि सगळं धडाधड सांगून टाकलंत. आता तुम्हाला कसं सांगणार, की मामा, तुम्ही झोपला होतात?"

"सांगायचं," मी म्हणालो.

"नाही जमलं."

"मग काल तरी सांगायचं. मॅडमपुढे. की मामा झोपले म्हणून राहिलं."

"ते कशाला?" सर म्हणाले. "वाचायचं काम माझं होतं."

कुकरची शिट्टी झाली. त्यांनी दोन कपांत चहा गाळला. आम्ही तो उभ्यानेच प्यायलो. परत या असं मी म्हणालो नाही, आणि येतो असं ते म्हणाले नाहीत. माझा कप मी विसळायला घेतला तर त्यांनी हातातून काढून घेतला.

"साडेआठ झाले," ते म्हणाले. "ऑफिस कोण उघडणार?"

मी खिशातली चावी चाचपली आणि चार मजले उतरलो.